काळी एक आणि सहा तारा

अमरावतीत असो की अकोल्यात, गिटारचा क्लास लावायला आलेलं पोर बहुधा एकच मागणं घेऊन येतं: कॉर्ड शिकवा, रॉक वाजवायचं आहे. पहिल्या आठवड्यातच त्याच्या वहीत चौकटी दिसू लागतात. उभ्या सहा रेघा म्हणजे तारा, आडव्या रेघा म्हणजे फ्रेट, मधले काळे ठिपके म्हणजे बोटांच्या जागा. सी, जी, ए मायनर, एफ. ठिपक्यांवर बोटं बसवायची आणि तारा छेडायच्या. बोटांची टोकं हुळहुळतात, एफ काही केल्या वाजत नाही, आणि परीक्षा जवळ आली की बऱ्याच गिटारी कपाटावर जातात त्या तिथंच राहतात. पोरांना चिकाटी नाही, असं म्हणून विषय संपवला जातो. मला ते पटत नाही. वऱ्हाडातल्या पोरांच्या कानात रॉकला लागणारं बरंच काही आधीच भरलेलं आहे आणि आपण नेमकं त्या कानाला वळसा घालून शिकवतो, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं वादातून जास्त नीट उलगडतं, म्हणून इथं दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. दोघं कल्पित आहेत, त्यांच्यातला वाद मात्र घराघरांतला आहे. मामा अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात, भजनी मंडळात पेटी वाजवतात. भाची अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौघांनी मिळून बँड काढला आहे आणि विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य संगीताच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं आहे. सुटीत ती गिटार घेऊन आजोळी आली आहे.

मामा : काय वं पोरी, हे चित्र कायचं?

भाची : ई मायनर, मामा. सगळ्यात सोपी कॉर्ड. पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला दोन बोटं. बाकी चार तारा मोकळ्या. सहाही छेडायच्या. झालं.

मामा : अन् वाजते काय त्यात?

भाची : ई मायनर.

मामा : ते नाव झालं. स्वर कोणते वाजते?

भाची : तेवढं अजून सांगितलं नाही. आणि मामा, ते आत्ता कशाला? आकार बसला की गाणं वाजतं. दोन महिन्यांत स्पर्धा आहे.

मामा : आण इकडे. एक-एक तार छेड. मी पेटीवर शोधतो.

मामांनी शोधलं ते असं. सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार पेटीच्या पांढरी तीनला मिळते. पाचवी पांढरी सहाला, चौथी पांढरी दोनला, तिसरी पांढरी पाचला, दुसरी पांढरी सातला आणि पहिली पुन्हा पांढरी तीनला, दोन सप्तकं वर. गिटारवाले याच स्वरांना ई, ए, डी, जी, बी, ई म्हणतात. आता पांढरी तीनला सा धरा. ई मायनरचा आकार धरून जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एक-एक तार छेडली तर क्रमानं ऐकू येतं: सा, प, सा, कोमल ग, प, सा. सहा तारांत स्वर फक्त तीन.

मामा : म्हणजे तुह्या या कॉर्डमधी कोमल गंधार हाये. बरं, आता तो शुद्ध कर.

भाची : कसा?

मामा : मले गिटार येत नाही, पण कोमलाच्या वर लगेच शुद्ध असते. तीच तार एक पडदा पुढं दाब.

भाची : तिसरी तार, पहिला फ्रेट... मामा, ही तर ई मेजर झाली!

मामा : झाली ना? चित्र न पाह्यता झाली.

या प्रसंगाशी मी जरा थांबतो, कारण क्लासमध्ये ई मायनर आणि ई मेजर या दोन वेगळ्या चौकटी म्हणून शिकवल्या जातात, कधी कधी वहीच्या दोन वेगळ्या पानांवर. प्रत्यक्षात त्यांच्यात फरक आहे तो एका बोटाचा आणि एका गंधाराचा. ज्या पोरानं शाळेत हार्मोनियमवर अलंकार गायले आहेत, घरी भजन ऐकलं आहे, त्याला हा फरक कानानं लगेच कळतो. त्याला तो विचारलाच जात नाही.

भाची : मान्य. पण मामा, रॉक वाजवणारे सगळे काही सरगम शिकून आले नव्हते. कितीतरी मोठ्या गिटारवाल्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं. बी. बी. किंग तर उघड सांगायचे की मी कॉर्डमध्ये कच्चा आहे.

मामा : मंग ते वाजवत काय होते?

भाची : एकेरी स्वर. तार दाबून वर ओढायची, स्वर चढवायचा, कंप द्यायचा. त्याला बेंड म्हणतात.

मामा : म्हणजे मींड. तू माह्याच बाजूनं बोलून रायली. वाचता नसन येत त्याले, आयकता येत होतं. मी तुले वाचायले नाही सांगत. आयकायले सांगतो.

भाची : ऐकत बसले तर वाजवू कधी? तुमच्या पिढीचं हेच आहे. आधी वर्षभर सा लावा, मग पुढचं. तोवर कॉलेज संपतं. मला आज वाजवायचं आहे, चुकत का होईना, चौघांबरोबर. चौघांबरोबर वाजवताना कान आपोआप तयार होतो. एकटीनं सा धरून बसले तर होत नाही.

तिचं हे उत्तर मला वजनदार वाटतं. भजनी मंडळाची रीत तरी दुसरी काय आहे? तिथं कुणी वर्षभर सा लावत नाही. पोर टाळ घेऊन मागच्या ओळीत बसतं आणि वाजवता वाजवता शिकतं. मामांनाही हे सुचलं असावं, कारण त्यांनी वाद सोडून वेगळाच प्रश्न काढला.

मामा : बरं, आजच वाजव. पण सगळ्यात कमी बोटाईत काय वाजते, ते सांग. सहावी तार मोकळी, पाचवीवर एक बोट, दुसरा पडदा. फक्त या दोन तारा छेड.

भाची : ही पॉवर कॉर्ड! ई फाइव्ह. मामा, रॉक म्हणजे निम्मं हेच आहे.

मामा : हे? हे तं सा-प हाये. पेटीवर हात ठेवला की आम्ही पहिलं हेच धरतो.

लेखाचा गाभा इथं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प, हवा असेल तर वरचा सा. गंधार नाही, त्यामुळे ती मेजरही नाही आणि मायनरही नाही. अमेरिकेत १९५८ साली लिंक रे या गिटारवादकानं 'रंबल' हा नुसता वाद्यांचा तुकडा ध्वनिमुद्रित केला. आवाज फाटका यावा म्हणून त्यानं ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला भोकं पाडली होती. १९६४ मध्ये इंग्लंडच्या 'द किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिसनं स्पीकरचा पडदा ब्लेडनं चिरून त्याच जातीचा आवाज काढला. त्या फाटक्या आवाजाला गिटारवाले डिस्टॉर्शन म्हणतात आणि आज तो पायाशी ठेवलेल्या लहानशा पेडलमधून निघतो. या आवाजात पूर्ण मेजर कॉर्ड वाजवली तर ती गढूळ होते, सा-प मात्र स्वच्छ आणि दणदणीत वाजतं. असं का, हे पट्टी घेऊन मोजता येतं.

अनेक इलेक्ट्रिक गिटारींची तार नटापासून घोडीपर्यंत ६४८ मिलिमीटर असते. शुद्ध पंचम हवा असेल तर तिचा एक तृतीयांश भाग सोडून दाबायला हवं, म्हणजे २१६ मिलिमीटरवर. सातवा फ्रेट तिथून जेमतेम अर्धा मिलिमीटर अलीकडे आहे. शुद्ध गंधारासाठी एक पंचमांश सोडायचा, म्हणजे १२९.६ मिलिमीटर. पण चौथा फ्रेट आहे १३३.७ वर, चार मिलिमीटर घोडीकडे सरकलेला. म्हणजे गिटारचा पंचम जवळजवळ खरा आणि गंधार चांगलाच चढा. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की असं होणारच. सा-प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन आहे. फाटका ॲम्प्लिफायर या दोघांच्या वजाबाकीचा स्वरही तयार करतो, आणि तीन वजा दोन म्हणजे एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. तारा दोन स्वरांच्या छेडल्या, कानाला खर्जही मिळाला. चढा गंधार त्यात घातला की त्याच्या वजाबाक्या सुरात बसत नाहीत आणि सगळं गढूळ होतं.

मामा : चढा गंधार! पाह्य, म्हणूनच मले तुह्या कॉर्डा खुपते. तंबोऱ्याचा खर्ज लावला की त्यातून आपोआप गंधार निघते, स्वयंभू. तो कानात बसलेल्या माणसाले हा गंधार कसा पटन?

भाची : मामा, तुमच्या पेटीचे स्वरसुद्धा असेच बारा सारख्या भागांचे असतात. तुमचा गंधारही तेवढाच चढा आहे.

मामा : ...

भाची : आणि पेटी तरी कुठं आपली होती? पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात देबेन नावाच्या कारागिरानं तिचं पेटंट घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातानं भाता मारायची पेटी केली, तेव्हा ती बैठकीत आली. आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं तिला बंदी घातली होती. कारण हेच की तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. जे आक्षेप तुम्ही गिटारवर घेता, तेच.

मामा : बंदी होती तवा आमच्या मंडळात पेटी वाजतच होती.

भाची : तेच म्हणते मी. लोकांना हवी होती, लोकांनी ठेवली.

इथं भाची जिंकली, असं माझं मत आहे. ज्याच्या घरात पेटी आहे त्याला फ्रेटवाल्या गिटारला परकी म्हणायची सोय उरत नाही. आणि गिटार आपल्या कानाला नवी तरी कुठे आहे? हिंदी चित्रपटसंगीतात कॉर्ड आणल्या त्या मुख्यतः गोव्याच्या अरेंजरांनी: अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, चिक चॉकलेट. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमधून गोव्यातल्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकायला मिळे, ती विद्या घेऊन ही मंडळी मुंबईच्या स्टुडिओत आली. म्हणजे रेडिओ ऐकणारा वऱ्हाडातला माणूस कितीतरी वर्षं कॉर्ड ऐकत आला आहे, त्याला त्यांची नावं माहीत नव्हती इतकंच.

मामा : बरं, वाद्य तुमचं-आमचं करू नोको. पण हा जो राग हाये ना तुह्या गाण्याईतला, आरडाओरडा, तो उसना वाटते मले. कोण्या गोऱ्या पोट्ट्याचा राग तू कायले वाहून रायली?

भाची : बर्मिंगहॅमच्या पोट्ट्याचा म्हणा. टोनी आयोमी. पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि परत वाजवायला लागला. त्याच्या बँडचं नाव ब्लॅक सॅबथ. तारा दाबताना त्रास कमी व्हावा म्हणून त्यानं पुढं त्या ढिल्या केल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'तल्या काही गाण्यांत तर पट्टी तीन घरं उतरवलेली आहे.

मामा : थांब. पांढरी तीनवरून तीन घरं खाली. काळी दोन, पांढरी दोन, काळी एक. पोरी, काळी एक?

भाची : काळी एक.

मामा : आमचं मंडळ काळी एकमधीच गाते.

मला हे जुळणं फार मोलाचं वाटतं. ते योगायोगानं जुळलं आहे हे खरं, पण शिकवणाऱ्याच्या हातात त्यामुळे फुकटचं साधन येतं. वऱ्हाडात पुरुषांची भजनं पुष्कळदा काळी एकच्या आसपास चालतात. त्याच पट्टीत गिटार उतरवून सहावी-पाचवी तार सा-पवर धरली, तर समोर भजन असो की हेवी मेटल, शिकणाऱ्याचा पहिला आधार तोच. त्याच बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बममधलं शीर्षकगीत घ्या. त्याचा मुख्य तुकडा तीन स्वरांचा आहे: सा, वरचा सा, तीव्र मध्यम. युरोपात तीव्र मध्यमाच्या या अंतराला अशुभ मानायचे आणि बँडला नेमकी तीच भीती हवी होती. ज्याच्या कानात यमन आहे त्या पोराला तीव्र मध्यम ओळखायला चौकट लागत नाही.

मामा : आवाजाचं समजलं. पण शब्दाईचं काय? कारखान्याचा राग त्याचा. तुहा कोणता?

भाची : मामा, २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले. त्यात अमरावतीही होतं, अकोलाही. कशासाठी होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मी तेव्हा पाळण्यात होते. या मातीत राग नाही असं कसं म्हणता?

मामा : मी कुठं म्हणतो नाही? मी म्हणतो, मंग इंग्रजीत काऊन गाते? विठ्ठल वाघांची तिफणीची कविता १९८१ च्या 'अरे संसार संसार'मधून साऱ्या महाराष्ट्रानं आयकली. तुकडोजी महाराज हातात खंजिरी घेऊन उभे रायले की हजारो माणूस आयकत बसे. १९५५ साली जपानच्या धर्मपरिषदेत तीच खंजिरी वाजवली त्याईनं. एक चामड्याचं वाद्य अन् साधे शब्द. तुमच्यापाशी चार वाद्यं हायेत अन् शब्द दुसऱ्याचे.

भाची : स्पर्धेत पाश्चात्त्य गटात इंग्रजीच गावं लागतं.

मामा : स्पर्धा एका दिवसाची. बाकीच्या दिवसाईचं बोल.

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं आणि ती गप्प राहिली हे मला आवडलं. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या बँडनं अभंग गिटार-बेस-ड्रम्सवर उभे केले आहेत. म्हणजे वाट आहे. पण संतांचे शब्द घेऊन वाजवणं आणि आजच्या अमरावतीचे स्वतःचे शब्द लिहून वाजवणं, यांतलं दुसरं काम अवघड आहे आणि ते वऱ्हाडातल्याच कुणीतरी करायला हवं. मामांचा हा आक्षेप मी जसाच्या तसा मान्य करतो.

मामांचा आणखी एक आक्षेप आहे आणि तो सर्वांत खोल आहे.

मामा : समज, सकाळी भैरव चालू हाये. गाणारा कोमल रिषभावर आंदोलन घेऊन रायला. तू खाली तीन स्वराईची कॉर्ड धरून ठेवली. तो रिषभ जाईन कुठं? गाण्याच्या बाजूनं तू भिंत घातली.

भाची : म्हणून तिथं मी पूर्ण कॉर्ड नाही धरणार. सा-प धरीन. त्यात गंधार नाही, रिषभ नाही, गाणाऱ्याला सगळी जागा मोकळी.

मामा : अन् मालकंस? त्यात पंचमच नाही.

भाची : मालकंसात तुम्ही तंबोरा कसा लावता?

मामा : पहिली तार मध्यमावर.

भाची : मग मी सा-म धरीन. गिटारवर ते सा-पपेक्षाही सोपं आहे. जाड चार तारा एकमेकींशी सा-मच्या अंतरानंच लावलेल्या असतात. शेजारच्या दोन तारा एकाच फ्रेटला एका बोटानं दाबल्या की सा-म. 'स्मोक ऑन द वॉटर'चा तुकडा रिची ब्लॅकमोर असाच वाजवतो, दोन-दोन तारा बोटांनी एकदम ओढून. आमच्याकडे सगळे तो पॉवर कॉर्डनं वाजवतात, मूळ तसा नाही.

मामा : अन् तंबोऱ्यात मंद्र पंचमावरून सा छेडला, तं त्या दोघाईतलं अंतर तेच. सा-मचं.

भाची : हो?

मामा : मोजून पाह्य. बरं, मारवा?

भाची : मारव्यात गिटार गप्प बसेल.

हे शेवटचं उत्तर मला सगळ्या संवादात जास्त पटतं. कॉर्ड कधी धरायची हे शिकताना कधी धरायची नाही तेही शिकायचं असतं. रॉकमध्येसुद्धा चांगला गिटारवाला गायकाच्या ओळीखाली हात आवरता घेतो. दोन तारांवर सुरुवात केलेल्या पोराला हा संयम लवकर कळतो, कारण प्रत्येक स्वर त्यानं जाणून घेतलेला असतो.

उजव्या हाताचं मात्र क्लासमध्ये फार कमी बोललं जातं. सगळं लक्ष डाव्या हाताच्या ठिपक्यांवर. भाची कॉर्ड बदलताना उजवा हात थांबवत होती, बोटं बसली की पुन्हा सुरू. मामांनी मांडीवर केरवा धरला, आठ मात्रा, आणि तिला सांगितलं की बोटं बसोत न बसोत, हात खाली-वर, खाली-वर चालूच राहील. रिकामा गेला तरी चालेल, पण समेवर खालीच पडला पाहिजे. थोड्याच वेळात चुकीची कॉर्डसुद्धा गाण्यासारखी वाटू लागली. मग तिनं त्यांना ब्लूजचं बारा घरांचं चक्र ऐकवलं, ज्याच्यावर चक बेरीसारख्यांचं रॉक अँड रोल उभं आहे: चार घरं सा, दोन म, दोन सा, एक प, एक म, दोन सा, प्रत्येक घरात चार मात्रा. मामांनी एकदा ऐकलं आणि दुसऱ्या फेरीला समेवर बरोबर मान दिली. अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन, म्हणाले, आणि पुढं काही विचारलं नाही.

राहिला एफ, ज्याच्यापाशी सर्वाधिक पोरं हरतात. पहिल्या बोटानं पहिल्या फ्रेटला सहाही तारा दाबायच्या असतात आणि नटाजवळ तार सर्वांत ताठ लागते. तोच आकार पाचव्या फ्रेटला धरला तर बराच हलका जातो, त्याची ए मेजर होते. तिथं आवाज स्वच्छ आला की एक-एक फ्रेट खाली उतरत यावं. घाई असेल तर एफच्या जागी जाड दोन तारांवर सा-प धरावं, रॉकमध्ये कुणाची तक्रार येणार नाही. आणि दोष बोटांचा की वाद्याचा, हेही तपासा. बाराव्या फ्रेटपाशी तार दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खूप उंच असेल, तर अकोल्यातला कुठलाही नवशिका तिच्यावर टिकणार नाही. स्वस्त प्लायवूडची गिटार ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवली की पोट फुगतं, घोडी उचलली जाते आणि तारा आणखी वर जातात. पोराला बोल लावण्याआधी गिटार दुरुस्त करून घ्यावी.

दोघांचं एकमत झालं नाही. मामांना अजूनही इंग्रजी गाणं उसनं वाटतं. भाचीला अजूनही वाटतं की मामांच्या रीतीनं गेलं तर स्पर्धा हुकेल. माझा कौल विचाराल तर वाद्याच्या बाबतीत भाची बरोबर आहे आणि कानाच्या बाबतीत मामा. शिकवण्याचा क्रमही त्यामुळे ठरतो. आधी सा-प, दोन तारांवर, पेटीशी सूर मिळवून. मग सा-म. मग तेच चालू ठेवून कोमल आणि शुद्ध गंधार, म्हणजे ई मायनर आणि ई मेजर. मग ए आणि डी, आणि बारा घरांचं चक्र. सी, जी, एफच्या चौकटी त्यानंतर. नावं इंग्रजी राहू द्या, स्वर मात्र पोरानं गाऊन दाखवल्याशिवाय पुढची कॉर्ड देऊ नका.

अमरावती विद्यापीठाचा पसारा अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम अशा पाच जिल्ह्यांचा. त्यातल्या किती गावांत गिटारचा शिक्षक नसेल, पण भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल. तेव्हा गिटार घेतलेल्या पोरापोरींनो, ट्यूनर ॲप मोबाइलमध्ये असू द्या, पण येत्या गुरुवारी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना त्यांची पट्टी विचारा, त्या पट्टीत दोन तारा मिळवा आणि मागच्या ओळीत बसून भजन संपेपर्यंत सा-प धरा. आणि पेटीवाल्या काकांनो, त्यांना बसू द्या.